समुद्राखालचा चुनखडक आणि त्यातले तेल

मित्रांनो आणि शाळेत आलेल्या आईबाबांनो, आपली हिंगणी समुद्रापासून फार दूर आहे. आपल्याकडे विहीर खणली की काळा दगड लागतो. पण मुंबईजवळ समुद्राच्या तळाखाली फिकट रंगाचा चुनखडक आहे, आणि त्या दगडात तेल भरलेले आहे. त्याची माहिती मी सांगतो.

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत समुद्रात ही जागा आहे. तिचे नाव मुंबई हाय. तिथे पाणी सुमारे ७५ मीटर खोल आहे. सन १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या यंत्राने तिथे भोक पाडले आणि तेल लागले. सन १९७६ पासून तेल काढणे सुरू झाले. हे काम तेल व नैसर्गिक वायू आयोगाने केले. आपण त्याला ओएनजीसी म्हणतो.

आमच्या आळीत पुष्कळ जण म्हणतात, “जमिनीखाली तेलाचं तळं असते, पाइप टाकला की झालं!” तसे नसते. तेल दगडाच्या बारीक छिद्रांत असते. हे समजायला सोपा प्रयोग आहे. मी एक कोरडी वीट बादलीतल्या पाण्यात ठेवली. बुडबुडे निघाले. थोड्या वेळाने वीट उचलली तर ती जड झाली होती. विटेत तळे नाही, तरी पाणी मावले! चुनखडकात तेल असेच मावते.

हा दगड झाला कसा? सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ, कोमट समुद्र होता. त्यात बारीक जीव आणि शेवाळ होते. ते मेले की त्यांची चुन्याची कवचे तळाशी साचत. थरावर थर बसले, दाबले गेले आणि दगड झाला. मधे मधे समुद्र मागे हटला. तेव्हा पावसाच्या पाण्याने दगड थोडा थोडा विरघळला व छिद्रे वाढली. आज हा थर सुमारे १३०० मीटर खोल आहे.

तेल मात्र या दगडात तयार झाले नाही. शेजारच्या खोलगट भागातल्या जुन्या चिखलाच्या थरांत ते तयार झाले. ते पाण्यापेक्षा हलके, म्हणून वर सरकत या उंचवट्यात आले. वर चिकणमातीचा घट्ट थर आहे. झाकण लावलेल्या डब्यासारखे ते तिथेच अडकले.

युरोपात नॉर्वेजवळच्या समुद्राखाली एकोफिस्क नावाची अशीच जागा आहे. तिथला दगड तर खरा खडूच आहे. तेल काढल्यावर तो मऊ दगड दबला आणि समुद्राचा तळ खचला. म्हणून १९८७ साली तिथले लोखंडी मनोरे ६ मीटर उंच उचलावे लागले. दगडातून तेल काढले की आत काय होते, ते यावरून कळते.

मुंबई हायमध्ये तेल ढकलायला समुद्राचे पाणी दाबाने दगडात भरतात. तरी पुष्कळ तेल दगडालाच चिकटून राहते. आता तिथून पूर्वीइतके तेल निघत नाही.

आपल्या विहिरीला पावसाळ्यात पुन्हा पाणी येते. या दगडात तेल पुन्हा भरायला लाखो वर्षे लागतील. आपण तर ते पन्नास वर्षांत इतके काढले! म्हणून बाबांनो, ओलीत झाले की डिझेलचे इंजिन लगेच बंद करा. आईंनो, भांडे ठेवल्यावरच गॅस पेटवा. आणि मित्रांनो, शेतात चुनखडीचा पांढरा खडा सापडला तर त्यावर लिंबू पिळून पाहा. बारीक बुडबुडे येतात. समुद्राखालचा तो दगडही याच चुन्याच्या जातीचा आहे.