ख्रिस्तप्रसाद सर्वांना का दिला जात नाही?

महालात राहणाऱ्या एखाद्या कॅथलिक कुटुंबात विवाह असला की बडकस चौक, चितार ओळ या भागांतील शेजारीपाजारी आपुलकीने चर्चमध्ये येतात. पवित्र मिस्सामध्ये ख्रिस्तशरीर देण्याची वेळ होते आणि त्यांपैकी काही जण भाविकांच्या मागोमाग रांगेत उभे राहतात. त्यांच्या मनात वावगे काही नसते. प्रसाद नाकारू नये, हाच संस्कार त्यांच्यावर झालेला असतो. आपण मात्र गोंधळतो, 'तुम्हाला चालत नाही' असे घाईने कुजबुजतो आणि पाहुणा दुखावला जातो. नागपूर धर्मप्रांताची स्थापना १८८७ साली झाली. इतक्या वर्षांच्या शेजारानंतरही हे घडते, यात पाहुण्यांपेक्षा आपलाच दोष अधिक आहे, असे आम्हाला वाटते.

याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, कारण त्यामागे आपला संपूर्ण विश्वासांगीकार उभा आहे. परमेश्वर एकच आहे. पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे तीन देव नव्हेत. पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, हे निसियाच्या धर्मसभेने ३२५ साली घोषित केले. तो पुत्र पवित्र मरियेच्या उदरी मानव झाला, आपल्या पापांसाठी क्रूसावर मरण पावला व तिसऱ्या दिवशी पुन्हा उठला. मरणाच्या आदल्या रात्री त्याने शिष्यांना भाकर व द्राक्षारस ही आपले शरीर व रक्त म्हणून दिली आणि आपल्या स्मरणार्थ तसेच करीत राहण्याची आज्ञा केली. गव्हाचे पीठ व पाणी यांची ती पातळ भाकर अभिषेकानंतर दिसायला तशीच राहते. परंतु ती प्रत्यक्ष ख्रिस्त झालेली असते, अशी आपली श्रद्धा आहे. 'ख्रिस्तप्रसाद' हा शब्द गोड खरा, पण गैरसमजाचे मूळही त्यातच आहे. प्रसाद देवाला अर्पण करून भक्तांत वाटला जातो. येथे देव स्वतःलाच देतो.

म्हणूनच तो स्वीकारताना आपण 'आमेन' म्हणतो, म्हणजे या सर्वांस संमती देतो. ज्यांचा तसा विश्वास नाही, त्यांच्याकडून ती वदवून घेणे हा त्यांचाच अवमान ठरेल. शिवाय बंधने आपल्यावरही आहेत. स्नानसंस्कार झालेल्या आपल्या मुलांनाही धर्मशिक्षण घेऊन प्रथम ख्रिस्तशरीर संस्काराची वाट पाहावी लागते. आदल्या एका तासात पाणी व औषधाखेरीज काही घ्यायचे नसते. गंभीर पाप घडले असेल, तर आधी प्रायश्चित्त संस्कार घ्यावा लागतो. हे समजले की नियम केवळ परक्यांसाठी नाही, हे पाहुण्यांना पटते.

रोमन शेजाऱ्यांनाही असेच प्रश्न पडत. दुसऱ्या शतकाच्या मध्यास संत जस्टिन यांनी सम्राट अंतोनिनस पायस यांना लिहिलेल्या निवेदनात रविवारच्या उपासनेचे वर्णन केले आहे. विश्वास ठेवणारे, स्नानसंस्कार घेतलेले व ख्रिस्ताच्या शिकवणीप्रमाणे वागणारे, यांनाच हे भोजन मिळते, असे ते सांगतात. त्याच सभेत गोळा होणारे दान मात्र अनाथ, विधवा, आजारी, कैदी व परदेशी अशा सर्वच गरजूंसाठी असे. पाहुण्यांना सांगताना ही दुसरी बाजू आपण सहसा विसरतो.

यास्तव लग्नपत्रिका देतानाच शेजाऱ्यांना हे शांतपणे सांगावे. धर्मगुरूंनीही वाटपापूर्वी दोन शब्द बोलावेत. अनेक धर्मग्रामांत असे पाहुणे छातीवर हात जोडून पुढे येतात व धर्मगुरू त्यांना आशीर्वाद देतात. तशी प्रथा आपल्याकडे असेल, तर तीही त्यांना आधीच समजावून द्यावी.