साच्यातलं घर कळंब्याला परवडेल का?
कोल्हापूरजवळच्या कळंब्यात आजही घर खडी-वाळूच्या ढिगांतून जागेवरच उभं राहतं. त्याला पर्याय मराठी मुलखातच घडला: वाईजवळच्या पसरणीचे बी. जी. शिर्के यांनी १९७०च्या दशकात स्वीडिश तंत्राने पुण्यात सिपोरेक्स आणलं. ॲल्युमिनिअमच्या भुकटीने फुगवलेलं हे काँक्रीट हलकं, म्हणून पायावरचा भार घटतो. शिवाय घराचे भाग कारखान्यात साच्यात घडत असल्याने पाणी मोजून पडतं, साचा पुन्हा पुन्हा वापरला जातो. माझ्या मते खरी बचत हीच.

गवंड्यांचं काय, हा आक्षेप रास्त आहे. पण जोडकामालाही कसबी हात लागतातच, आणि साच्याची शिस्त कोल्हापूरच्या फौंड्रींना नवी नाही. इथल्या पावसात सांधे गळतील ही भीती अधिक खरी. तिथे हयगय चालणार नाही. वाहतूक महाग पडते, म्हणून हे भाग गोकुळ शिरगावसारख्या जवळच्या औद्योगिक वसाहतीतच घडावेत. एकट्या बंगल्याला हे जड जाईल; दहा-वीस शेजाऱ्यांनी एकच नकाशा स्वीकारला तर परवडेल.