पैशाचा फरक येतो कुठून?

बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना एक तक्रार हमखास ऐकावी लागते: ओळींची बेरीज आणि खालची एकूण रक्कम यांत एका पैशाचा फरक येतोय. त्यावरची उत्तरंही ठरलेली. एक तर ‘डेटाबेसमध्ये बग आहे’, नाहीतर ‘एका पैशानं काय बिघडतं?’ दोन्ही चूक.

आधी बगचं बघू. फ्लोट किंवा डबल प्रकारच्या कॉलममध्ये संख्या द्विमान पद्धतीनं, ठरावीक बिटांत साठवली जाते. १ भागिले ३ दशांशात लिहायला गेलं की ०.३३३… संपतच नाही, ०.१ ची द्विमानात हीच गत होते. कुठंतरी तोडावंच लागतं. म्हणून डबलमध्ये ०.१ म्हणून जे बसतं ते प्रत्यक्षात ०.१००००००००००००००००५५५… असतं, आणि ०.१ अधिक ०.२ चं उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. १९८५ साली ठरलेल्या आयईईई ७५४ या मानकाबरहुकूमच हे घडतं. यंत्र आपलं काम चोख करतंय, कॉलमचा प्रकार आपण चुकीचा निवडलाय.

‘मग फ्लोट काढून डबल करा’ हा सल्ला अर्धवट आहे. ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये साधारण सातच अंक भरवशाचे. त्यात १,६७,७७,२१७ ही रक्कम ठेवली तर परत येताना १,६७,७७,२१६ येते. इथं पैसा नव्हे, अख्खा रुपया गेला. डबलमध्ये पंधरा अंकांपर्यंत निभावतं, पण ०.१ तिथंही पुरा बसत नाही.

स्क्रीनवर दोनच दशांश दिसतात म्हणजे आतही दोनच असणार, हा समज तर फॉक्सप्रोच्या काळापासून चालत आलाय. तिथली ‘सेट डेसिमल्स’ ही आज्ञा किती दशांश दाखवायचे तेवढंच सांगायची. एक्सेलमधल्या सेलच्या फॉरमॅटचंही तेच. बेरीज होते ती आतल्या आकड्यांची, दिसणाऱ्यांची नव्हे.

आता खरा गुंता. १०७ रुपयांच्या मालावर ५ टक्के जीएसटी आहे. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर अडीच टक्के केंद्राचे, अडीच राज्याचे. म्हणजे प्रत्येकी २.६७५ रुपये. डबलमध्ये ही संख्या २.६७४९९९… अशी बसते, म्हणून पायथॉनचं राउंड फंक्शन २.६७ देतं. तीच संख्या आधी शंभरनं गुणून मग पूर्णांकात आणली, तर गुणाकारात नेमके २६७.५ होतात आणि उत्तर २.६८ येतं. एकाच कंपनीत बिलाचा कोड एकानं लिहिला आणि रिपोर्टचा दुसऱ्यानं, की भांडण सुरू.

यावर ‘डेसिमल वापरा, प्रश्न मिटला’ असं म्हणणारे बरेच भेटतील. सल्ला योग्यच आहे, पण प्रश्न मिटत नाही. डेसिमलमध्ये २.६७५ अचूक बसेल. पुढं अर्धा पैसा वर ढकलला तर दोन करांची बेरीज ५.३६, खाली सोडला तर ५.३४, आणि १०७ चे ५ टक्के होतात ५.३५! हा फरक नियमाचा आहे, यंत्राचा नाही. ओळीगणिक पूर्णांकन करायचं की शेवटी एकदाच, हे ठरवायचं काम हिशेबनीसाचं. कायदा देय कराबाबत बोलतो: केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७० प्रमाणे रक्कम जवळच्या रुपयात आणायची, पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर वरचा रुपया.

डेसिमलचे स्वतःचे खाचखळगेही आहेतच. नुसतं ‘डेसिमल’ लिहून सोडलं, तर मायएसक्यूएल ते दहा अंक आणि शून्य दशांश असं धरतं, एसक्यूएल सर्व्हर अठरा अंक आणि शून्य दशांश. ९९.७५ चे निमूट १०० होतात. एसक्यूएल सर्व्हरचा मनी हा प्रकार नावानं फसवतो: मधल्या भागाकारातही तो चारच दशांश ठेवतो. ३३९ भागिले ३४५, मग गुणिले १०,००० केलं की ९८२६.०८६९ च्या जागी नेमके ९८२६ मिळतात. एसक्यूलाइटमध्ये तर कॉलमला डेसिमल म्हटलं तरी अपूर्णांक आत डबल म्हणूनच राहतात. आणि टेबल कितीही नीट असलं, तरी आकडा जेसनमधून ब्राउझरकडे गेला की जावास्क्रिप्ट त्याचा डबल करून टाकते. जावावाल्यांनी बिगडेसिमलला ०.१ अवतरणचिन्हांत द्यावा. उघडा दिला तर डबलमधला सगळा कचरा सोबत येतो.

राहिला प्रश्न ‘एवढ्यानं काय बिघडतं’ हा. व्हँकुव्हर शेअर बाजाराचा निर्देशांक १९८२ च्या जानेवारीत १००० वर सुरू झाला. दर व्यवहारानंतर तो नव्यानं मोजला जाई, आणि तिसऱ्या दशांशापुढचं सगळं पूर्णांकन न करता छाटलं जाई. हे दिवसाला हजारो वेळा. १९८३ च्या नोव्हेंबरात निर्देशांक ५२४.८११ दाखवत होता. दुरुस्त करून मोजला तेव्हा तो निघाला १०९८.८९२. बाजार वर होता, आकडा निम्म्यावर.

म्हणून फ्लोट वाईट असं मात्र नाही. तापमान, अंतर, सेन्सरची मापं यांना तो उत्तम, कारण ती मापं मुळातच अंदाजी असतात. पैसे मात्र डेसिमलमध्ये, अंक आणि दशांश स्पष्ट लिहून, किंवा सरळ पूर्णांकी पैशांत ठेवावेत. आणि हे पहिल्याच दिवशी करावं. जुना फ्लोट कॉलम नंतर डेसिमल केला की पुढचे आकडे सुधारतात. मागच्या बेरजांमधली तफावत मूळ बिलं काढूनच जुळवावी लागते.