एकट्याचा रणगाडा

पर्यायी इतिहासातल्या रोल-प्लेइंग खेळासाठी एकट्याने लढवायचा हलका रणगाडा रचताय? कल्पना फार ताणावी लागणार नाही. ब्रिटिश लष्करातले मेजर गिफर्ड मार्टेल यांनी १९२५ मध्ये असा रणगाडा चक्क घरच्या गॅरेजमध्ये उभा केला. त्याच सुमारास जॉन कार्डन आणि व्हिव्हियन लॉइड यांनीही एकआसनी टँकेट बनवली. घोडं अडलं ते हातांपाशी: गाडी हाकायची की मशीनगन चालवायची? पुढची मॉडेलं मुकाट्याने दोघांची झाली. त्याआधीच्या फ्रेंच रेनॉ एफटीत तर चालक वेगळा होता, तरीही टरेटमधल्या एकट्या माणसाला तोफ भरणं, नेम धरणं आणि हुकूम देणं पुरेपूर पुरायचं.

खेळात खरी गंमत याच ओढाताणीत आहे. एका डावात हाकणं, नेम धरणं, मशीनगन भरणं यांपैकी एकच काम करू द्या. चिलखत रायफलच्या गोळीपुरतंच ठेवा. ते जाड केलं की वजन वाढतं, मग इंजिन मोठं लागतं आणि ठेंगणेपणाचा फायदा जातो. रेडिओ देऊच नका, ऐकायला सवड कुणाला आहे? आणि चिखलात पट्टा निसटला, तर तो बसवायला उतरणारा आणि मशीनगनवर बसणारा गडी एकच!