सड्यावरची निनावी झाडे

सह्याद्रीच्या माथ्यावर आणि कोकण-गोव्याच्या किनारपट्टीवर जांभ्या दगडाची सपाट, उघडी पठारे पसरलेली आहेत. कोकणात त्यांना सडा म्हणतात. साताऱ्याजवळचे कास सुमारे 1200 मीटर उंचीवर आहे, तर रत्नागिरी-सिंधुदुर्गातले सडे समुद्रसपाटीपासून फारसे उंच नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये तिथे तापलेला कातळ आणि वाळके गवत एवढेच दिसते. सातबाऱ्यावर अशा जमिनीची नोंद बहुधा पोटखराबा म्हणून असते. तरीही महाराष्ट्र आणि गोव्यात गेल्या काही दशकांत विज्ञानाला नव्याने कळलेल्या फुलझाडांमध्ये मोठा वाटा याच 'खराब' जमिनीचा आहे.

कातळावर मातीचा थर जेमतेम काही सेंटिमीटरचा असतो. पावसाळ्यात तो पाण्याने तुडुंब भरतो आणि पाऊस सरला की काही दिवसांत कोरडा पडतो. मोठ्या झाडाला मुळे रोवायला जागाच मिळत नाही, त्यामुळे इथे राज्य असते ते छोट्या वनस्पतींचे. काही चार महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून संपतात. काही उरलेले आठ महिने कंदाच्या रूपाने जमिनीखाली काढतात. काही गवते व नेचे तर पूर्ण सुकून पुन्हा पाणी मिळताच हिरवे होतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पश्चिम घाटात अशा, सुकणे सोसणाऱ्या 62 जातींची नोंद केली आहे. पाण्याबरोबर मातीतला नत्रही वाहून जातो. दवबिंदू आणि सीतेची आसवे या वनस्पती ती उणीव कीटक व सूक्ष्मजीव पकडून भरून काढतात.

एका पठारापासून दुसऱ्यापर्यंत मध्ये खोल दऱ्या आणि दाट जंगल असते. सड्यावरच्या वनस्पतीला त्या जंगलात जगता येत नाही, म्हणून प्रत्येक पठार तिच्या दृष्टीने एक बेटच ठरते. पिढ्यानपिढ्या वेगळ्या पडलेल्या झाडांमध्ये हळूहळू फरक साठत जातात आणि एकाच भागापुरत्या मर्यादित जाती तयार होतात. कासवर फुलणारा वायतुरा, म्हणजे ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस, हा त्यांतलाच. त्याचे वर्णन 1980च्या दशकात झाले आणि जातीच्या नावातच साताऱ्याला जागा मिळाली.

ब्रिटिश काळापासून सह्याद्रीतल्या वनस्पती गोळा होत आल्या आहेत. डाल्झेल आणि गिब्सन यांचा 'बॉम्बे फ्लोरा' 1861 मध्ये निघाला. थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ 1901 ते 1908 या काळात सिद्ध केला. मग इतक्या जाती नजरेतून सुटल्या कशा? बराचसा दोष ऋतूचा आहे. सडा फुलतो तेव्हा तिथे धुके, संततधार आणि निसरडे दगड असतात, आणि एखादी जाती फुलून दिसण्याचा काळ दोन-तीन आठवड्यांचाच असतो. शिवाय कित्येक वनस्पती बोटभरही उंच नसतात. कासवर पांढऱ्या गुंड्यांसारखे दिसणारे गेंद सगळ्यांच्या परिचयाचे आहेत, पण त्या एका गुंडीत अनेक बारीक फुले असतात आणि जातीजातींतला फरक त्या फुलांच्या भागांत व बियांवरच्या नक्षीत दडलेला असतो. भिंगाशिवाय तो दिसत नाही. बियांसाठी तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच लागतो.

वेगळे काही दिसले म्हणजे नवी जाती सापडली असे होत नाही. खरे काम त्यानंतर सुरू होते. झाड कंद किंवा मुळासकट काढून जुन्या वर्तमानपत्रात दाबून सुकवतात. सुकल्यावर फुलाचा रंग उडतो, म्हणून रंग, वास, उंची, जागा आणि आजूबाजूच्या वनस्पती यांची नोंद तिथल्या तिथे वहीत करावी लागते. नंतर ते पूर्वी वर्णन झालेल्या जवळच्या प्रत्येक जातीशी ताडून पाहिले जाते. त्यासाठी पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र, मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम, कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ, आणि गरज पडली तर लंडनच्या क्यू उद्यानातले जुने नमुने तपासतात. अनेक 'नव्या' जाती इथेच बाद होतात, कारण दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी त्यांना नाव देऊन ठेवलेले असते. नियमानुसार आधी रीतसर प्रसिद्ध झालेले नावच टिकते.

उलटही घडते. नवी जाती कपाटातच, चुकीच्या नावाखाली पडून असते. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की नव्या फुलझाडांपैकी फक्त 16 टक्के जातींचे वर्णन पहिला नमुना गोळा झाल्यापासून पाच वर्षांत झाले होते. जवळपास एक चतुर्थांश जातींचे नमुने पन्नासहून अधिक वर्षे वाट पाहत होते.

फरक एखाद्या वर्षीच्या पावसाचा किंवा जागेचा परिणाम आहे की कायमचा, हेही पाहावे लागते. गोव्यातील भगवान महावीर राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात 2017 च्या पावसाळ्यात एक वेगळे गवत मिळाले. आघारकर संस्थेच्या संशोधकांनी पुढची दोन वर्षे त्यावर लक्ष ठेवले, लक्षणे स्थिर असल्याची खात्री केली आणि डीएनएचा आधारही घेतला. गोवा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ एम. के. जनार्थनम यांच्या गौरवार्थ त्याला इस्केमम जनार्थनामी हे नाव मिळाले.

नामकरणाचे नियम आंतरराष्ट्रीय संहितेत बांधलेले आहेत. वर्णन प्रसिद्ध करावे लागते, आणि ज्या एका नमुन्यावर नाव कायमचे टांगलेले राहते तो 'टाइप' कुठे ठेवला आहे तेही सांगावे लागते. 1935 पासून 2011 अखेरपर्यंत वर्णन किंवा निदान लॅटिनमध्ये लिहिणे सक्तीचे होते, मग झाड पाटण तालुक्यातले का असेना. 2012 पासून इंग्रजी चालते आणि ऑनलाइन नियतकालिकातले प्रकाशनही ग्राह्य धरले जाते. नाव गावावरून, लक्षणावरून किंवा व्यक्तीवरून देता येते. स्वतःचे नाव देण्यास नियमाची आडकाठी नसली तरी ते शिष्टाचाराला सोडून मानतात. 2023 मध्ये विशाळगडावरील एका कंदीलपुष्पाला शिवाजी महाराजांच्या नावावरून सेरोपेजिया शिवरायियाना असे नाव देण्यात आले.

सहसा नाव मिळाल्यावरच एखाद्या जातीचा संरक्षणाच्या यादीसाठी विचार होऊ शकतो. इकडे सड्यांवर जांभ्याच्या चिरेखाणी चालतात, कोल्हापूर भागात बॉक्साइट काढले जाते, साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. कास 2012 पासून जागतिक वारसा यादीत आहे, पण बहुतेक सड्यांना असे कोणतेच कवच नाही. प्रकल्पाआधीची पाहणी उन्हाळ्यात उरकली तर अहवालात 'वनस्पती नगण्य' असे लिहिले जाते आणि त्या दिवसापुरते ते खोटेही नसते. म्हणून सड्यावरच्या कोणत्याही कामाआधीची वनस्पती-पाहणी जून ते ऑक्टोबर या काळातच झाली पाहिजे, आणि ती गवत व गेंद ओळखणाऱ्या माणसाकडूनच करून घेतली पाहिजे.