आर्मी कॅडेट कॉलेज

सेनादलांत जवान म्हणून दाखल झालेल्यांपैकी निवडक तरुणांना भूसेनेतील अधिकारपदासाठी पदवीपर्यंतचे शिक्षण देणारी लष्करी शिक्षणसंस्था. डेहराडून येथील भारतीय लष्करी प्रबोधिनीचा ती एक विभाग आहे.

या संस्थेचे मूळ मध्य भारतातील नौगाँव येथे १९२९ मध्ये स्थापन झालेल्या किचनेर कॉलेजात आहे. १६ मे १९६० रोजी त्याचे आर्मी कॅडेट कॉलेजमध्ये रूपांतर झाले व १० फेब्रुवारी १९६१ रोजी पहिला दीक्षान्त समारंभ पार पडला. १९६४ मध्ये कॉलेज पुण्यास हलविण्यात आले आणि १९७७ पर्यंत तेथेच होते. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीही पुण्याजवळच असल्याने अधिकारी घडविण्याच्या दोन भिन्न वाटा काही काळ शेजारीशेजारी नांदत होत्या. १९७७ मध्ये कॉलेज डेहराडूनला गेले व २००६ मध्ये त्यास प्रबोधिनीच्या विभागाचे स्वरूप आले.

या दोन वाटांतील फरक माणदेशाच्या उदाहरणाने चांगला स्पष्ट होतो. साताऱ्याचा माण व सांगलीचा आटपाडी हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत मोडतात. शेती बव्हंशी कोरडवाहू व बेभरवशाची. अशा प्रदेशात पलटणीतील नोकरी हा उपजीविकेचा जुना आधार होय. १९६१ मध्ये सातारा येथे देशातील पहिली सैनिकी शाळा सुरू झाली. तेथे लहान वयात प्रवेश मिळालेला मुलगा बारावीनंतर खडकवासल्याकडे जाऊ शकतो. परंतु घरच्या गरजेपोटी कोवळ्या वयात भरती झालेल्या मुलाची ती संधी सहसा हुकलेली असते. त्याच्यासाठी आर्मी कॅडेट कॉलेज ही दुसरी संधी आहे.

उमेदवार बारावी उत्तीर्ण, २० ते २७ वर्षे वयाचा व किमान दोन वर्षे सेवा झालेला असावा लागतो. लेखी परीक्षेनंतर सेवा निवड मंडळाकडून त्याची पारख होते. नौसेना व वायुसेना यांतील जवानही पात्र असतात. अभ्यासक्रम तीन वर्षांचा असून विज्ञान व मानव्यविद्या अशा त्याच्या शाखा आहेत. नवी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते. अध्यापकवर्ग मुख्यतः मुलकी असून त्याची निवड संघ लोकसेवा आयोगामार्फत होते. कवाईत, शारीरिक शिक्षण व खेळही असतातच. पण भर विद्याभ्यासावर असतो.

हा भर योग्यच म्हटला पाहिजे. कवाईत व शिस्त पलटणीतून आलेल्या जवानास नव्याने शिकवावी लागत नाही; खरी कसोटी वर्गात लागते. शाळा सुटून काही वर्षे लोटलेली असतात, गणिताचा सराव मोडलेला असतो आणि शिक्षणाचे माध्यम इंग्रजी असते. गावच्या मराठी शाळेतून आलेल्यास ही शेवटची अडचण सर्वांत जाचक वाटते. हुकूम समजण्यापुरते इंग्रजी त्याला पलटणीत मिळालेले असते. मात्र इतिहासावर निबंध लिहिणे किंवा भौतिकीतील सिद्धता मांडणे यासाठी ते पुरे पडत नाही. वारंवार अनुत्तीर्ण होणाऱ्यास आपल्या मूळ पलटणीत परतावे लागते.

पदवीनंतर प्रबोधिनीत एक वर्षाचे लष्करी प्रशिक्षण होऊन लेफ्टनंटचे अधिकारपद मिळते. खडकवासल्याहून आलेला तरुण तेथवर साधारणपणे बाविशीच्या आसपास पोहोचतो. कॉलेजमार्गे येणारा कधीकधी तिशी गाठलेला असतो. निवृत्तीचे वय हुद्द्यावर अवलंबून असल्यामुळे उच्च पदांपर्यंत चढण्यास त्याला वर्षे कमी मिळतात. उलटपक्षी, ज्यांचे तो नेतृत्व करतो त्यांच्या बराकीत तो स्वतः राहिलेला असतो व रजेच्या अर्जामागील घरची ओढाताण त्याला निराळी समजावून सांगावी लागत नाही.