ज्याने मॅलॉक केलं, त्यानेच फ्री करायचं?

सी शिकायला धाडहून बुलढाण्याला किंवा शेगावला गेलेला विद्यार्थी असो, नाहीतर पुण्यातल्या कंपनीतला नवखा. एक नियम हमखास ऐकवला जातो. ज्या फंक्शनमध्ये मॅलॉक, त्याच फंक्शनमध्ये फ्री. भाषेत असा नियम कुठेही नाही. सीच्या प्रमाणकानुसार मॅलॉकने दिलेली जागा मिळाल्यापासून फ्री होईपर्यंत जिवंत असते. फंक्शन संपण्याशी तिचं देणंघेणं नाही. संपतात ती स्टॅकवरची लोकल व्हेरिएबल्स. त्यात पॉइंटरही जातो, हीपवरची जागा मात्र तशीच राहते, आणि तिचा पत्ता कुणाकडेच उरला नसेल तर ती लीक झाली. आता हा नियम तंतोतंत पाळून बघा. स्ट्रडप मजकुराची प्रत करून तिचा पत्ता देतं. परतण्याआधी त्यानेच ती फ्री केली, तर कॉल करणाऱ्याच्या हाती काय पडणार? म्हणून तर पॉझिक्सने, आणि आता सी23नेही, ती प्रत फ्री करायचं काम कॉल करणाऱ्यावर सोपवलं आहे.

यावर लगेच आक्षेप येतो, की विंडोजवर डीएलएलने दिलेली जागा बाहेर फ्री केली तर प्रोग्रॅम कोसळतो. कोसळू शकतो; मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवजांतच तसा इशारा आहे. पण दोष फंक्शन बदलल्याचा नाही. दोन मॉड्यूलना सी रनटाइमच्या वेगळ्या प्रती जोडलेल्या असतात आणि प्रत्येकीचा हीपचा हिशेब वेगळा असतो. जागा ज्या हीपमधून आली तिथेच परत जायला हवी, बस. म्हणूनच चांगली लायब्ररी सोडवणारं फंक्शनही सोबत देते: गेटॲड्रइन्फोला फ्रीॲड्रइन्फो आहे. फ्री कोण करणार, हे फंक्शनच्या घोषणेवर एका ओळीत लिहायला कंटाळायचं आणि वर खोटे नियम पाठ करायचे, याला काय म्हणावं!

बाकीचे गैरसमज झटपट. फंक्शनला पॉइंटर दिला की आत केलेलं मॅलॉक बाहेर दिसतं? नाही, आत त्याची प्रत जाते. पॉइंटरचा पत्ता द्या किंवा नवा पॉइंटर रिटर्न करा. फ्रीनंतर पॉइंटर आपोआप नल होतो? अजिबात नाही. ‘धाड’ दोनच अक्षरांचं, म्हणून तीन बाइट पुरतील? यूटीएफ-8मध्ये ध, काना आणि ड प्रत्येकी 3 बाइट घेतात. स्ट्रलेन 9 सांगतं आणि शेवटच्या शून्यासह 10 लागतात. राहिलं ‘पण माझा प्रोग्रॅम तर चालतोय’: तो लिनक्सवर जीसीसीचा ॲड्रेस सॅनिटायझर लावून एकदा चालवा, मग बोलू.